गोळी आजारावर, उदासी मनावर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची दवाखान्यातली गर्दी ओसरत आली होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करणारा माझा एक जुना रुग्ण आणि त्याची बायको आत आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याला औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला होता आणि सरकारी दवाखान्यातून त्याचे उपचार चालू होते. माझ्याकडे तो सर्दी-ताप, अंगदुखी अशा किरकोळ तक्रारींसाठी येई. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही, बायकोच बोलली.

"डॉक्टरसाहेब, ह्यांना काहीतरी ताकदीचं द्या. खोकला थांबलाय, वजन पण वाढलंय. पण माणूस घरात असून नसल्यासारखा झालाय. पोरगी शाळेतून आली की आधी तिच्याशी खेळायचे, आता ती जवळ गेली तर भिंतीकडं तोंड करतात. रात्रीची झोप नाही."

मी नाडी पाहिली, छाती तपासली. म्हटले, "एवढा मोठा आजार आहे, असं व्हायचंच. मन घट्ट करा." एक टॉनिक लिहून दिले, झोपेसाठी पंधरा गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

ही माझी चूक होती. ती आधीच कबूल करतो, कारण आजचा लेख त्या चुकीतूनच निघाला आहे.

बाराव्या दिवशी ती बाई एकटीच आली. गादी उन्हात घालायला उचलली तेव्हा तिच्याखाली कागदाच्या पुडीत बांधलेल्या गोळ्या निघाल्या. मी दिलेल्या झोपेच्या गोळ्या. त्याने त्या खाल्ल्या नव्हत्या आणि टाकूनही दिल्या नव्हत्या. रोज एक अशा त्या जमवून ठेवल्या होत्या. कशासाठी, हे तिने मला विचारले नाही. पुडी टेबलावर ठेवताना तिचा हात मात्र कापत होता.

जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो मी त्या दिवशी विचारला. "हे असं केव्हापासून?" ती लगेच म्हणाली, "गोळ्या बदलल्या ना, तेव्हापासून. दीड महिना झाला असेल." फाइल मागवून पाहिली. नव्या औषधांत एक नाव होते, सायक्लोसेरिन. क्षयाच्या जंतूंवर चालणारे हे औषध मेंदूतही पोहोचते. काही रुग्णांत त्यामुळे तीव्र उदासी येते, भ्रम होतो, क्वचित फिटही येते. पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते वाचलेले होते, पण समोरच्या माणसाशी त्याची सांगड घातली नव्हती.

वाचकहो, मधुमेह, दमा, फिट्स, अर्धशिशी, संधिवात, क्षय असे दीर्घकाळ चालणारे आजार आज घरोघरी आहेत. त्यांची औषधे महिनोन् महिने, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. त्यांतली काही थोडी औषधे काही थोड्या माणसांत मनाला खाली खेचतात. असे झाले तर ते ओळखता येते आणि त्यावर उपाय आहे. मात्र ओळखण्याआधीच घाबरून औषध बंद केले तर मूळ आजार उलटतो. या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घ्यायला हव्यात.

गोष्ट सर्पगंधाची

औषधामुळे मन खचते ही शंका वैद्यकात ठळकपणे पुढे आली ती आपल्याच मातीतल्या एका मुळीमुळे. आपले पनवेल हे आयुर्वेदीय औषधांचे जुने गाव. धूतपापेश्वरचा कारखाना येथे १८७२ साली सुरू झाला. त्यामुळे सर्पगंधा हे नाव येथल्या वाचकांना नवे नसावे. झोप आणण्यासाठी आणि भ्रमिष्ट रुग्णाला शांत करण्यासाठी ही मुळी आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरली जात असे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघा बंगाली वैद्यकतज्ज्ञांनी तिचा रक्तदाबावर आणि मनोविकारांवर होणारा परिणाम लिहून प्रसिद्ध केला.

तिला जगापुढे नेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधाचा अनुभव मांडला. त्या काळी रक्तदाबावर धड औषधच नव्हते. त्यामुळे या लेखाने खळबळ उडाली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि त्याच्या गोळ्या जगभर जाऊ लागल्या. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

पण १९५४ सालापासूनच दुसऱ्या बाजूच्या बातम्या येऊ लागल्या. जास्त मात्रेत, बरेच महिने रेसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांचा रक्तदाब उतरला, पण मनही उतरले. अन्न नको, झोप नको, कशात रस नाही, रडू येते. औषध थांबवल्यावर त्यांतले अनेकजण सावरले.

हे का होते याचा शोध घेताना मेंदूचे एक मोठे कोडे थोडे सुटले. आपल्या भागातल्या भाताच्या कणगीचे उदाहरण घेऊ. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवण्यासाठी सिरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन, डोपामिन अशी रसायने वापरतात. ही रसायने पेशीच्या टोकाशी लहान लहान कणग्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन या कणग्यांत माल भरूच देत नाही. मग बाहेर उघड्यावर पडलेले भात उंदीर खातात. म्हणजे पेशीतलेच एक विकर त्या रसायनांचा फडशा पाडते. साठा रिकामा झाला की निरोप पोहोचेनासे होतात आणि माणूस मंद, उदास होतो, असा तर्क त्या वेळी मांडला गेला.

क्षयाच्या औषधाने नाचणारे रुग्ण

योगायोग असा की, याच सुमारास उलटी गोष्टही घडत होती. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड नावाच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. महिनोन् महिने खाटेला खिळलेले रुग्ण या औषधाने बोलू-हसू लागले, जेवण मागू लागले, वॉर्डात नाचू लागले. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. हे औषध त्या उंदरांना, म्हणजे रसायने खाणाऱ्या विकराला, आवर घालत होते. १९५७ साली डॉ. नेथन क्लाइन यांनी ते उदासीच्या रुग्णांना देऊन पाहिले, आणि उदासीवरची पहिली आधुनिक औषधे वैद्यकाच्या हाती आली. यकृताला होणाऱ्या अपायामुळे इप्रोनियाझिड पुढे मागे पडले, पण त्याने दाखवलेल्या वाटेवरूनच पुढची औषधे आली.

म्हणजे पाहा, क्षयाच्याच एका औषधाने मन वर उचलले आणि सायक्लोसेरिन या दुसऱ्याने माझ्या रुग्णाचे मन खाली ओढले. औषधाला शरीर आणि मन यांतली भिंत कळत नाही. पोटात गेलेली गोळी रक्तात जाते आणि रक्त सगळीकडे फिरते.

या गोष्टीला आणखी एक धडा जोडायला हवा. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९५५ साली रेसर्पिन चिंताग्रस्त व उदास रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना उलट बरे वाटले. अलीकडच्या काळात संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा रेसर्पिनवर जितका दोष टाकला गेला तितका पुरावा त्याच्याविरुद्ध मिळाला नाही. ज्यांना खरोखर गंभीर उदासी आली त्यांतल्या बऱ्याच जणांना ती पूर्वीही येऊन गेली होती. तेव्हा धडा असा की, औषधावर शंका जरूर घ्यावी, पण शिक्षा सुनावण्यापूर्वी चौकशी करावी.

उदासीच्या तीन वाटा

औषधामुळे मन खचते ते मुख्यतः तीन वाटांनी.

पहिली वाट सरळ मेंदूची. या गटातली आपल्या भागात नेहमी दिसणारी औषधे सांगतो.

*स्टेरॉइड* (प्रेडनिसोलोन वगैरे). दमा, संधिवात, त्वचारोग, मूत्रपिंडाचे विकार यांत ही औषधे प्राण वाचवतात. मात्र त्यांनी काहीजण फार उल्हसित होतात, बडबड करतात, झोपत नाहीत. काहीजण उदास होतात. औषध एकदम बंद केल्यावरही उदासी येऊ शकते. मात्रेचा संबंध येथे स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या बोस्टनमधील १९७२ सालच्या प्रसिद्ध पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के रुग्णांत मानसिक त्रास आढळला. ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत तो ४.६ टक्के होता आणि ८० च्या वर १८.४ टक्के.

*फ्लुनारिझिन.* अर्धशिशी आणि चक्कर यांसाठी हे औषध सर्रास वापरले जाते. वयस्कर माणसांत आणि पूर्वी उदासी येऊन गेलेल्यांत ते जपून द्यावे किंवा देऊच नये. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून महिनोन् महिने आणल्या जाणाऱ्या गोळ्यांत हिचा क्रमांक वरचा आहे. सुस्ती, वजनवाढ, हातांना कंप आणि उदासी असे एकत्र दिसले तर हिच्याकडे पाहावे. शरीरातून निम्मे औषध बाहेर पडायलाच दोन-अडीच आठवडे लागतात. त्यामुळे बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी फरक दिसत नाही.

*फिट्सची औषधे.* लेव्हेटिरॅसिटॅम, फिनोबार्बिटोन, टोपिरामेट यांनी काही रुग्णांत चिडचिड व उदासी येते. या सर्वच गटाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली आत्महत्येच्या विचारांविषयी सावधगिरीची सूचना दिली. पण ही औषधे एकदम थांबवली तर सतत फिट्स येऊन जीव धोक्यात येतो, हेही तितकेच खरे.

*माँटेल्युकास्ट.* दमा आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठी लहान मुलांनाही ही गोळी दिली जाते. मूल रात्री दचकून उठू लागले, हट्टी, रडके किंवा गप्प झाले तर डॉक्टरांना सांगावे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापणे सक्तीचे झाले.

क्षयावरील *सायक्लोसेरिन*चा उल्लेख वर आलाच आहे. पूर्वी एच.आय.व्ही.साठी सर्रास दिले जाणारे इफाव्हिरेन्झ आणि हिपॅटायटिस-सी वरची इंटरफेरॉनची इंजेक्शने यांनीही मनावर परिणाम होई. सुदैवाने या दोन्ही आजारांत आता अधिक चांगली औषधे आली आहेत.

दुसरी वाट आडवळणाची. औषध शरीरातले काहीतरी कमी करते आणि त्या कमतरतेने मन खचते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही उत्तम व स्वस्त गोळी अनेक वर्षे घेतल्यावर आतड्यातून ब-१२ जीवनसत्त्व कमी शोषले जाऊ शकते. त्यातून माणूस शुद्ध शाकाहारी असला तर ब-१२ आधीच कमी असते. पायाला मुंग्या, जीभ लाल होणे, विसराळूपणा, थकवा आणि उदासी ही त्याची लक्षणे. गंमत म्हणजे पायाच्या मुंग्या "साखरेमुळे" आणि उदासी "वयामुळे" असे म्हणून दोन्ही सोडून दिल्या जातात. रक्ताच्या एका तपासणीने हे कळते आणि गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. मेटफॉर्मिन बंद करावे लागत नाही. तसेच हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या ॲमिओडॅरोनमुळे थायरॉइड मंदावू शकते, आणि मंद थायरॉइड म्हणजे उदासीचे माहेरघर.

तिसरी वाट आरशाची. स्टेरॉइडने चेहरा चंद्रासारखा गोल होतो. कुष्ठरोग आणि औषधांना दाद न देणारा क्षय यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. लग्नाच्या वयाच्या मुलीला किंवा चारचौघांत वावरणाऱ्या माणसाला हे किती लागते ते आम्हा डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. औषध मेंदूला काही करत नसते, पण माणूस घराबाहेर पडेनासा होतो. "रंग काही महिन्यांनी, औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत होईल," एवढे एक वाक्य औषध सुरू करतानाच सांगितले तर अर्धे दुःख वाचते.

रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी येथेच सांगून टाकतो, कारण सर्पगंधाची गोष्ट वाचून उद्या कोणी गोळ्या बंद करायचा. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्यांविषयी तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल या गटावर उदासीचा आरोप वर्षानुवर्षे होता. अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिल्यावर तो टिकला नाही. थकवा आणि विचित्र स्वप्ने मात्र या गोळ्यांनी काहींना पडतात.

आणखी एक. दमा किंवा सांधेदुखीवर "रामबाण" म्हणून नाव नसलेल्या पुड्या विकल्या जातात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. ज्या औषधाचे नावच ठाऊक नाही त्याचा दुष्परिणाम ओळखायचा कसा?

औषधामुळेच हे कसे ओळखायचे?

मोठा आजार झाला की माणूस काळजी करतोच. शिवाय मधुमेह, अर्धांगवायू, क्षय, थायरॉइड या आजारांत उदासी स्वतंत्रपणेही येते. मग दोष कोणाचा? त्यासाठी मी आता पाच गोष्टी विचारतो.

१. उदासी आधी की गोळी आधी? नवे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदल झाला असेल तर संशय बळावतो. कॅलेंडरवर औषध सुरू केल्याची तारीख लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते.

२. आजार सुधारत असताना मन बिघडते आहे का? माझ्या रुग्णाचा खोकला थांबला होता, वजन वाढत होते. नुसती आजाराची काळजी असती तर या वेळी मन हलके व्हायला हवे होते. हीच खूण माझ्या डोळ्यांसमोर होती.

३. या औषधाबद्दल अशी माहिती पूर्वीपासून आहे का?

४. पूर्वी रुग्णाला किंवा घरात कोणाला उदासीचा आजार झाला होता का? असेल तर धोका जास्त.

५. दुसरे काही कारण आहे का? दारू, ब-१२ ची कमतरता, थायरॉइड, रक्तक्षय, कर्ज, घरातला मृत्यू.

आणि उदासी हा आजार आहे की नुसती मरगळ, हे पाहण्यासाठी दोन साधे प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न, निराश होते का? ज्या गोष्टीत पूर्वी आनंद वाटे, त्यांत रस वाटेनासा झाला आहे का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांकडे सविस्तर बोलावे. आपल्याकडचे अनेक रुग्ण "मी उदास आहे" असे म्हणत नाहीत. ते "अंगात त्राण नाही", "डोकं जड झालंय", "छातीत भरून येतं", "जेवण गोड लागत नाही" असे म्हणतात. त्याचा अर्थ घरच्यांनी आणि आम्ही लावायचा असतो.

उपचार कसा करतात?

पहिली पायरी, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगणे. त्याच्या हातात चार मार्ग असतात. मात्रा कमी करणे, औषधाची वेळ बदलणे, त्याऐवजी दुसरे औषध देणे, किंवा ते औषध सोडता येत नसेल तर ते चालू ठेवून उदासीवर वेगळा उपचार करणे. स्टेरॉइड दीर्घकाळ घेत असाल तर ते पायरीपायरीने कमी करावे लागते. एकदम सोडले तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. क्षयाची औषधे अर्धवट सोडली तर जंतू अधिक निर्ढावतात, आणि घरातल्या मुलाबाळांना तेच निर्ढावलेले जंतू मिळतात.

दुसरी पायरी, शरीराची तपासणी. ब-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि मूत्रपिंडाचे काम. सायक्लोसेरिन लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंद असेल तर ते शरीरात साठते आणि त्रास वाढतो.

तिसरी पायरी, उदासीवरची औषधे. सरट्रालिन, एसिटालोप्राम यांसारखी औषधे आज सरकारी रुग्णालयातही मिळतात. त्यांची सवय लागते हा गैरसमज आहे. मात्र ती मनाने बंद करू नयेत. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. "आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही" म्हणून सोडणारेच फार. मूळ आजाराची सर्व औषधे मनोविकारतज्ज्ञांना दाखवणे येथे अत्यंत आवश्यक आहे. क्षयावर दिले जाणारे लिनेझोलिड आणि उदासीवरची यांतली बरीच औषधे एकत्र पोटात गेली तर मेंदूतले सिरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. लिनेझोलिडही त्या उंदरांना थोडे आवरते, म्हणून. तसेच स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन देणे टाळतात. कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होऊ शकतो.

चौथी पायरी, बोलणे आणि हालचाल. समुपदेशकाशी ठरावीक दिवशी बोलणे, रोज ठरावीक वेळी उठणे, उन्हात चालणे. वडाळे तलावाला सकाळी एक फेरी मारा, असे मी सांगतो तेव्हा रुग्णाला ते किरकोळ वाटते. पण मन लागत नाही म्हणून हालचाल नाही आणि हालचाल नाही म्हणून मन लागत नाही, हे चक्र कुठून तरी तोडावे लागते. पायांपासून तोडणे सर्वांत सोपे. अर्थात उदासी तीव्र असेल तेव्हा नुसत्या फेरीने भागत नाही, औषध लागतेच.

घरच्यांनी काय करावे?

"मन खंबीर कर", "लोकांना याहून मोठी दुखणी असतात", "तुला काय कमी आहे" ही वाक्ये कृपया बोलू नका. मीही बोललो होतो आणि त्याचा परिणाम वर वाचलाच आहे. माणूस अशाने आणखी एकटा पडतो. त्याऐवजी "हे औषधामुळेही होऊ शकतं, आपण डॉक्टरांना विचारू," असे म्हणा. आपला दोष नाही हे कळल्यानेच कितीतरी जणांच्या डोळ्यांत पाणी येते.

कोणी "बाहेरचे झाले आहे" म्हणेल. ज्यांना देवदर्शनाने धीर मिळतो त्यांनी बल्लाळेश्वराला जरूर जावे. पण त्यासाठी दवाखान्यात जायला उशीर करू नये.

"माझा तुम्हाला भार झालाय", "आता मी फार दिवस नाही" असे कोणी बोलू लागला, आवडती वस्तू वाटून टाकू लागला, गोळ्या साठवू लागला, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट दडपण हलके होते. त्याला एकटे सोडू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या आणि कीटकनाशके कुलपात ठेवा, रोजचा डोस हातावर द्या आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही, मराठीतून बोलता येते. शासकीय जिल्हा रुग्णालयात मनोविकारांवर उपचार मिळतात. गावात कोणाला कळू नये असे वाटत असेल तर दूरध्वनीने सुरुवात करावी.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत हे काम चालते. मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. अशा नोंदी जमत गेल्या की पुढच्या रुग्णाला आधी सावध करता येते.

लक्षात ठेवा

- कोणतेही दीर्घकाळचे औषध मनाने बंद करू नका. फोन करा, भेटा, पण बंद करू नका.
- जुन्या चिठ्ठीवर महिनोन् महिने तीच गोळी आणू नका.
- नवीन औषध घेताना विचारा, "याने झोपेवर, मनावर काही परिणाम होतो का?"
- पूर्वी उदासीचा आजार झाला असेल तर तो सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही.
- सर्व डॉक्टरांच्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा तरी एका डॉक्टरला दाखवा.

त्या रुग्णाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पुडी हातात आली त्याच दिवशी मी क्षयरोग विभागाच्या डॉक्टरांशी बोललो. त्याला दाखल करून घेतले, सायक्लोसेरिन थांबवले आणि काही दिवसांनी त्याच्या जागी दुसरे औषध दिले. बाकीची औषधे चालूच राहिली. मनोविकारतज्ज्ञांनी लिनेझोलिडचा विचार करून उदासीवर उपचार केले. तिसऱ्या आठवड्यात तो घरच्यांशी बोलू लागला. अजून क्षयाचे उपचार संपलेले नाहीत, पण एकही डोस चुकलेला नाही. त्याच्या गोळ्या आता बायको एका डब्यात ठेवते आणि डब्याची किल्ली तिच्या मंगळसूत्राला असते.

मध्यंतरी तो मुलीला सर्दी झाली म्हणून घेऊन आला. ती टेबलावरचा माझा स्टेथोस्कोप ओढत होती आणि तो तिला रागावत होता. बायकोने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "रागावतात हल्ली. बरं वाटतं."

मी आता "केव्हापासून?" हा प्रश्न आधी विचारतो, झोपेच्या गोळ्या पंधरा लिहीत नाही आणि पुढच्या रुग्णाला हाक मारायची घाई करत नाही.